हंस आणि हुसा: एका पक्ष्याच्या नावाची स्लाव्हिक भानगड

चेक भाषेत ‘हुसा’ नावाचा एक पाळीव पक्षी आहे. हंस, हुसा. मराठी माणसाने हे दोन शब्द शेजारी बघितले की तो लगेच म्हणणार, अरे हे तर एकच! आणि आहेतच एक, एकाच मुळातून आलेत, पण ज्या गोष्टीमुळे ते आपल्याला एकसारखे वाटतात, म्हणजे सुरुवातीचा तो ‘ह’, ती मात्र निव्वळ योगायोगाची आहे. दोन्ही ‘ह’ वेगवेगळ्या रस्त्याने, वेगवेगळ्या काळात, एकमेकांचा काहीही संबंध नसताना तिथे येऊन बसलेत. ही भानगड नीट उलगडायची तर रशियन, पोलिश, लिथुआनियन सगळीकडे थोडं फिरून यावं लागतं.

आधी पक्षी कुठला ते नक्की करू, कारण मराठीत इथे घोळ आहे. इंग्रजीत ज्याला गूस म्हणतात तो बदकापेक्षा मोठा, लांब मानेचा, गवत चरणारा आणि अनोळखी माणूस दिसला की मान खाली घालून फिस्स करत अंगावर येणारा पक्षी. त्याला आपल्याकडे कुणी राजहंस म्हणतं, कुणी सरळ बदकच म्हणून मोकळं होतं. पांढराशुभ्र, मान वळवून तरंगणारा, चित्रातला सरस्वतीजवळचा जो असतो तो म्हणजे स्वान, आणि स्वान भारतात क्वचितच कधीतरी दिसतो. त्यामुळे संस्कृतातला हंस म्हणजे मुळात गूसच असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडी, नांदूर मधमेश्वरला येतात ना, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, तेच ते. त्यांचं शास्त्रीय नाव अन्सर इंडिकस, आणि त्यातलं ‘अन्सर’ हे लॅटिन नावसुद्धा ‘हंस’चंच भावंड आहे, फक्त लॅटिनने पुढचा ह खाऊन टाकलाय. तर या लेखात हंस म्हणजे हाच, स्वान नाही.

आता स्लाव्हिक भाषा म्हणजे रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन वगैरे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी या सगळ्यांची मिळून जवळजवळ एकच भाषा होती, अजूनही त्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. हंसाला रशियनमधे ‘गुस्य’ म्हणतात (शेवटचा स मऊ, जिभेने किंचित ‘य’कडे झुकलेला), पोलिशमधे ‘गेंश’, चेकमधे ‘हुसा’, स्लोव्हाकमधे ‘हुस’, युक्रेनियनमधे ‘हुस्का’, सर्बियनमधे ‘गुस्का’, स्लोव्हेनियनमधे ‘गोस’ आणि बल्गेरियनमधे ‘गस्का’, त्यातला ‘अ’ अगदी आपल्या ‘घर’मधल्या अ सारखा. या सगळ्यांचा मूळ स्लाव्हिक शब्द होता ‘गोंसि’ असा काहीतरी, ओ नाकातला आणि शेवटची इ अगदी तोकडी.

त्याच्याही मागे गेलो, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूळ इंडो-युरोपियन भाषेत, तर तिथे ‘घान्स’सारखा शब्द मिळतो. मिळतो म्हणजे कुठे लिहिलेला नाहीये, मुलींच्या तोंडावरून आईचा चेहरा काढतात तसा तो काढलाय. संस्कृत हंस, लॅटिन अन्सर, ग्रीक खेन, जर्मन गान्स, इंग्रजी गूस (इंग्रजीने मधला न गाळला), लिथुआनियन झासिस. एवढ्या लांब लांबच्या भाषांत एका पक्ष्याचं नाव इतकं टिकून राहणं तसं दुर्मिळच आहे.

आता खरा प्रश्न. त्या मूळ शब्दातला पहिला ‘घ’ हा साधा घ नव्हता, तो टाळूकडे सरकलेला, मऊ घ होता. पश्चिमेकडच्या भाषांनी, म्हणजे लॅटिन, ग्रीक, जर्मन वगैरेंनी असले मऊ क-ग-घ कडकच ठेवले. पूर्वेकडच्यांनी, म्हणजे संस्कृत, इराणी, बाल्टिक (लिथुआनियन वगैरे), स्लाव्हिक यांनी त्यांचे स, श, झ, ह असे सळसळणारे नाहीतर श्वासाचे आवाज केले. या मऊ घ चं संस्कृतात झालं ‘ह’ आणि स्लाव्हिकमधे झालं ‘झ’, ‘झाड’मधला झ, ‘झेंडा’मधला नाही. हे इतकं नियमाने झालंय की एकदा कळलं की रशियन शब्द ओळखीचे वाटायला लागतात. आपला ‘हिम’, रशियन ‘झिमा’ म्हणजे हिवाळा. आपलं ‘हिरण्य’, रशियन ‘झोलतो’ म्हणजे सोनं. आपलं ‘वाहणं, वहन’, रशियन ‘विझू’ म्हणजे मी गाडीतून नेतो. ह च्या जागी झ, ह च्या जागी झ, कुठेही जा.

मग हंसाचं काय व्हायला हवं होतं? ‘झोंसि’! रशियनमधे ‘झुस्य’ असायला पाहिजे होतं. लिथुआनियन ही स्लाव्हिकची सगळ्यात जवळची बहीण, तिने बरोब्बर नियम पाळला, तिच्याकडे ‘झासिस’ आहे. स्लाव्हिकमधे मात्र एकूणएक भाषांत ग. एकीनेही झ ठेवलेला नाही. म्हणजे ही गडबड त्या सगळ्या वेगळ्या व्हायच्या आधीच, मूळ घरातच झालेली आहे.

याची उत्तरं तीन-चार प्रकारची दिली जातात आणि अजून भांडण मिटलेलं नाही. सगळ्यात प्रसिद्ध उत्तर म्हणजे शब्द जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या पूर्वजांची भाषा बोलणाऱ्या, शेजाऱ्यांकडून उसना आला. पाळीव हंस आणि हंसाची पिसं यांच्यासाठी जर्मानिक लोक प्रसिद्ध होते, हे तर रोमन लोकांनीच लिहून ठेवलंय. थोरला प्लिनी हा रोमन लेखक, जो इसवी सन ७९ मधे व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, तो सांगतो की जर्मानियातले हंस पांढरे पण आकाराने लहान असतात, त्यांना तिथे ‘गान्ताय’ म्हणतात, आणि त्यांच्या पिसांना पौंडाला पाच देनारी (रोमन चांदीची नाणी) भाव मिळतो. पुढे तो वैतागून लिहितो की सीमेवरच्या सैन्याचे अधिकारी आख्ख्या तुकड्याच्या तुकड्या पहारा सोडून हंस पकडायला पाठवतात आणि मग त्यांच्यावर खटले होतात! म्हणजे धंदा मोठा होता. मालाबरोबर शब्द येतो हे आपल्याला नवीन नाही, पोर्तुगीजांबरोबर बटाटा आला तो नावासकटच आला.

दुसरं उत्तर असं की शब्द घरचाच, पण ‘झोंसि’मधे पुढे झ आणि मागे स, दोन सळसळणारे आवाज इतके जवळ आले की जिभेला नकोसं झालं आणि पुढचा आवाज बदलला. तिसरं उत्तर म्हणजे बाल्टिक-स्लाव्हिकमधे असे नियम मोडणारे बरेच शब्द आहेत, हा एकटाच नाही, तेव्हा नियमच सगळीकडे पूर्ण पोचला नसेल.

मला विचाराल तर निव्वळ उसनवारी पटत नाही, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. स्लाव्हिक ‘गोंसि’ हा इकारान्त स्त्रीलिंगी शब्द, लिथुआनियन ‘झासिस’ही इकारान्त स्त्रीलिंगी. दोघींचा साचा एकच. जर्मानिकमधे मात्र हा शब्द व्यंजनान्त होता, आणि त्याचं अनेकवचन करताना पुढे लागणाऱ्या इ मुळे मधला स्वर बदलायचा, म्हणूनच तर इंग्रजीत अजून एक असला तर गूस आणि अनेक असले तर गीस. जर शब्द आख्खा जर्मानिककडून उचलला असता तर शेपूट तंतोतंत लिथुआनियनसारखं कसं निघालं? त्यापेक्षा घरचा झ वाला शब्द होताच आणि शेजारचा ग वाला ऐकून ऐकून त्याचं तोंड बदललं, धड तेच राहिलं, हे मला जास्त संभवनीय वाटतं. पक्का पुरावा नाहीच, पण असो.

तर मूळ स्लाव्हिकमधे ग आला. मग चेकमधे ह कुठून? ती वेगळीच गोष्ट आहे. साधारण बाराव्या-तेराव्या शतकात चेक भाषेतले सगळे ग घसाऱ्याने ह झाले. सगळे म्हणजे सगळे, हंसाचाच नाही. रशियन ‘गरा’ म्हणजे डोंगर, चेकमधे ‘होरा’. आणि हा डोंगर म्हणजे आपला ‘गिरी’ बरं का, तोच शब्द. स्लोव्हाक आणि युक्रेनियनमधेही हेच झालं, बेलारूशियनमधे ग घशाकडे घासत गेला. आता हे कसं तिरपांगडं होऊन बसलंय बघा: जिथे आपल्याकडे ग आहे तिथे चेकमधे ह (गिरी, होरा), जिथे आपल्याकडे ह आहे तिथे चेकमधे झ (हिम, झिमा), आणि फक्त हंसाच्या बाबतीत, सुरुवातीलाच गाडी चुकीच्या फाट्याला लागल्यामुळे, शेवटी ह समोर ह येऊन उभा राहिला. त्यातून चेक ह हा मराठी ह सारखाच घोष, घशात कंप असलेला आहे, इंग्रजी ह सारखा नुसता फुंकरीचा नाही. त्यामुळे कानाला तर अगदीच जुळं वाटतं.

या ‘हुसा’ने चेक इतिहासात एक माणूसही अजरामर केलाय. यान हुस, धर्मसुधारक, ज्याला ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टन्समधे जिवंत जाळलं. त्याचं गाव हुसिनेत्स, म्हणजे हंसांचंच गाव, आणि त्यावरून आडनावासारखं हुस. त्या काळच्या चेकमधे पक्ष्यालाही ‘हुस’च म्हणत, शेवटचा आ नंतर चिकटला, स्लोव्हाकमधे अजून ‘हुस’च आहे. हा स्वतः पत्रांमधे आपल्या नावावरून कोट्या करायचा. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आला तेव्हा गोष्ट पसरली की हुस मरताना म्हणाला होता, आज तुम्ही हंस भाजताय पण शंभर वर्षांनी स्वान येईल त्याला भाजता येणार नाही. हुस असं खरंच बोलला याला काही आधार नाही, पण ल्यूथरने ती गोष्ट खुशाल स्वतःला लावून घेतली आणि उत्तर जर्मनीत काही चर्चच्या कळसावर कोंबड्याऐवजी स्वान फिरायला लागला. आणखी एक. चेक लिपीत अक्षरांच्या डोक्यावर जी छोटी चिन्हं असतात, च-श-झ दाखवणारी, त्यांची कल्पना ज्या जुन्या लॅटिन पुस्तिकेत मांडलीय ती याच हुसच्या नावावर सांगतात. तेव्हा तो नुसता ठिपका होता, आजचं उलट्या टोपीसारखं चिन्ह त्यातूनच झालं.

आता मधल्या त्या नाकातल्या ओ कडे येऊ. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. स्लाव्हिक भाषांनी हा अनुनासिक स्वर टाकून दिला. रशियन, चेक, सर्बियनने त्याचा उ केला, स्लोव्हेनियनने ओ, बल्गेरियनने अ. नाक सोडलं नाही ते मुख्यतः पोलिशने. पोलिशमधे ‘गेंश’ म्हणताना न पूर्ण उच्चारत नाहीत, जीभ टाळूला टेकतच नाही, आवाज नाकातून जाऊन य किंवा व सारखा घसरतो. परदेशी विद्यार्थी यावर महिनोन्महिने घासतात. पण आपण ‘हंस’ कसा म्हणतो? हिंदीवाले ‘हन्स’ म्हणतात. आपण ‘हौंस’च्या जवळपास काहीतरी, संसार ‘सौंसार’, तसं. स च्या आधीचा अनुस्वार मराठीत नाकातला व होतो, आणि पोलिशमधेही स च्या आधी हेच होतं. पोलिशमधे मिशीला ‘वोंस’ म्हणतात, तो शब्द मराठी माणसाने ‘अंश, संशय’च्या सवयीने म्हटला तर वॉर्सातला माणूस खूश होईल. हा काही वारसा नाही हां, दोन भाषांना स्वतंत्रपणे लागलेली एकच खोड आहे.

मिशीचा विषय निघालाच आहे तर सुरवंट. रशियनमधे सुरवंटाला ‘गुसेनित्सा’, पोलिशमधे ‘गोंशेनित्सा’, चेकमधे ‘होउसेन्का’. ऐकून वाटतं हंसाचाच काहीतरी. पण मुळात हा शब्द मिशीवरून आलाय असं बहुतेक अभ्यासक मानतात, ‘ओंसेनित्सा’ म्हणजे मिशाळ, केसाळ किडा. पुढचा ग नंतर लागला आणि तो लागायला हंसाच्या नावाचा कानावर असलेला ठसा कारणीभूत असावा असं एक मत आहे. लोकांना शब्द कळेनासा झाला की ते त्याला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालतात. आज रशियनमधे रणगाड्याच्या पट्ट्यालाही ‘गुसेनित्सा’च म्हणतात. उलट ‘गुस्ली’ आणि ‘गुस्ले’ ही तंतुवाद्यं, रशियातली आणि सर्बियातली, दिसायला पक्की हंसाची वाटतात पण हंसाशी काडीचाही संबंध नाही. ती ‘गुणगुणणं, घुमणं’ या अर्थाच्या वेगळ्याच धातूवरून आलीयेत.

आता लिंग. मूळ शब्द स्त्रीलिंगी होता हे वर आलंच. शेवटची तोकडी इ कालांतराने सगळीकडे गळून पडली, जशी आपल्या ‘हंस’च्या शेवटचा अ लिहितो पण म्हणत नाही. ती गेली तरी रशियन आणि पोलिशमधे मागचा स मऊ करून गेली. पण प्रॉब्लेम असा झाला की रशियनमधे मऊ व्यंजनाने संपणारा शब्द पुल्लिंगीही असू शकतो आणि स्त्रीलिंगीही, नुसतं बघून कळत नाही. मग ‘गुस्य’ हळूच पुल्लिंगात जाऊन बसला. स्वान म्हणजे ‘लेबेद्य’ही तसाच आज पुल्लिंगी आहे, लोकगीतांत मात्र अजून स्त्रीलिंगी सापडतो. पोलिशने ‘गेंश’ स्त्रीलिंगीच ठेवला. चेकने मागे आ लावून शंकाच मिटवली. सर्बियन, बल्गेरियन, युक्रेनियनने ‘का’ हा प्रत्यय लावला, जो मुळात लहानपणा, लाडिकपणा दाखवायचा, पण लावून लावून त्यातला लाड संपला आणि नुसती स्त्रीलिंगाची खूण उरली.

याचा परिणाम शिव्यांवर झालाय, हे मला भारी वाटतं. रशियनमधे एखाद्याला ‘नू इ गुस्य!’ म्हटलं की अर्थ होतो काय बेरकी माणूस आहे, बनेल, त्याच्यावर भरोसा ठेवू नको. बहुतेक पुरुषालाच म्हणतात. पोलिश ‘गेंश’ आणि चेक ‘हुसा’ म्हणजे मात्र बिनडोक बाई. पक्षी तोच, मान तीच, फिसफिस तीच, पण शब्द ज्या लिंगात गेला त्या लिंगाच्या माणसांबद्दल समाजाला जे बोलायचं होतं ते त्याला चिकटलं. पक्ष्याच्या स्वभावाचा काही संबंध नाही, सगळी करामत शेवटच्या गळालेल्या स्वराची.

पिल्लाचं लिंग आणखी मजेशीर. चेकमधे हंसाच्या पिल्लाला ‘होउसे’ म्हणतात आणि ते नपुंसकलिंगी. ‘होउसे’ला विभक्ती लावली की मधे ‘त’ उगवतो, ‘होउसेते’, अनेकवचन ‘होउसाता’. युक्रेनियन ‘हुसेन्या’, ‘हुसेन्याती’, तेही नपुंसक. आता आपल्याकडे बघा: पिल्लू, वासरू, कोकरू, शिंगरू, लेकरू, करडू. सगळी ‘ते’. आणि विभक्ती लावताना ‘वासरू’चं ‘वासराला’ होतं, शब्द मधेच रूप बदलतो. आपल्या वासरूमधला ‘रू’ आला संस्कृत ‘वत्सरूप’मधल्या रूपावरून आणि स्लाव्हिक प्रत्यय त्यांचा स्वतःचा, म्हणजे नातं नाही, पण लहान जीवाला अजून ना ‘तो’ ना ‘ती’, ‘ते’ म्हणायचं ही बुद्धी दोन्हीकडे सुचली. हिंदीवाल्याला हे समजावताना घाम फुटतो कारण त्यांच्याकडे नपुंसकलिंगच उरलेलं नाही. रशियनने एकवचनी पिल्लाला नवा पुल्लिंगी प्रत्यय दिला, ‘गुस्योनक’, पण अनेकवचनात जुनंच चालू, ‘गुस्याता’. आणि बाजारात हंसाच्या मटणाला रशियनमधे ‘गुस्यातिना’ म्हणतात, त्यातला ‘यात’ हा मुळात पिल्लांचाच. वासराच्या मटणाच्या नावावरून हा साचा उचलला आणि मग कोंबडी, हंस सगळ्यांना लावला, त्यामुळे चांगला पाच किलोचा म्हातारा हंस कापला तरी व्याकरणाच्या हिशोबाने ते पिल्लाचं मटण.

यानंतर सजीव-निर्जीव. रशियनमधे पुल्लिंगी शब्द कर्म झाला की प्रश्न पडतो, जिवंत आहे का? टेबल बघितलं तर शब्द जसाच्या तसा, ‘वीझू स्तोल’. हंस बघितला तर ‘वीझू गुस्या’, म्हणजे षष्ठीचं रूप लावायचं. आपण नाही का ‘पुस्तक बघितलं’ पण ‘मुलाला बघितलं’ म्हणतो, थोडंफार तसंच, पण आपल्याकडे जनावरांच्या बाबतीत बऱ्यापैकी सैल कारभार आहे, कोंबडी पकडली, कोंबडीला पकडलं, दोन्ही चालतं. रशियनमधे सवलत नाही. इतकी नाही की हंस मारून, सोलून, सफरचंदं भरून भट्टीतून काढून ताटात ठेवला तरी तो व्याकरणात जिवंतच, ‘येम गुस्या’. रशियनमधे मृत व्यक्तीसाठी जो आदराचा शब्द आहे, ‘पकोइनिक’, तोही सजीव चालतो, पण नुसतं प्रेत म्हणजे ‘त्रूप’ निर्जीव. अशा भाषेकडून हंसाने आणखी काय मागावं.

मोजायला गेलो तर आणखी एक नखरा. रशियनमधे एक हंस ‘गुस्य’, दोन-तीन-चार असतील तर ‘गुस्या’, म्हणजे चक्क एकवचनाची षष्ठी, आणि पाचपासून पुढे ‘गुसेय’, अनेकवचनाची षष्ठी. ‘पाच हंस’ नाही, ‘हंसांचे पाच’ अशी काहीशी रचना. चेकमधे दोन ‘हुसी’ आणि पाच ‘हुस’. म्हणजे बाजारात पाच हंस मागितले की तुमच्या तोंडून आपोआप त्या यान हुसचं आडनाव निघतं. पोलिशमधे मात्र दोन ‘गेंशी’, पाच ‘गेंशी’, एकाची षष्ठीही ‘गेंशी’. नियम तिथेही आहेत, पण या शब्दात सगळी रूपं घरंगळत एकाच जागी येऊन पडलीत. हे ‘गेंशी’ लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

हंस चालतात एकामागे एक, ओळीत, हे कुणीही बघितलेलं असतं. त्याचं क्रियाविशेषण तिन्ही भाषांनी केलंय आणि तिघींनी वेगळ्या पद्धतीने. रशियनमधे ‘गुस्कोम’, म्हणजे छोट्या हंसाची तृतीया, ‘हंसाने’ असं शब्दशः, अर्थ ‘एका रांगेत’. आपण ‘जोराने, क्रमाने’ म्हणतो तो ‘ने’ इथे पक्ष्यालाच लावलाय. चेकमधे ‘हुसीम पोखोदेम’, हंसाच्या चालीने, तीही तृतीयाच. पोलिशने भलतंच केलं, ‘हंसाचा’ हे विशेषण घेतलं, ‘गेंशी’, त्याची षष्ठी केली, ‘गेंशेगो’, पुढचं नाम गाळलं आणि तेच क्रियाविशेषण म्हणून वापरायला लागले. अरुंद पायवाटेवर गाईड पुढून ओरडतो ‘गेंशेगो!’, म्हणजे एकेकाने चला. ज्यांना थंडीने अंगावर काटा येतो ना, त्यांच्यासाठीही या भाषांत हंसच आहे, हंसाची कातडी म्हणतात, पिसं उपटल्यावर दिसते तशी. आणि ज्याच्यावर कितीही ओरडा, काही फरक पडत नाही, त्याच्याबद्दल रशियन म्हणतात ‘काक स गुस्या वदा’, हंसावरून पाणी ओघळावं तसं.

आता ते ‘गेंशी’. पोलिश शाळेत प्रत्येक मुलाला एक ओळ पाठ असते. मिकोवाय रेय या कवीने १५६२ मधे लिहिलेली. त्या काळात शिकलेला माणूस लॅटिनमधे लिहायचा, रेय हट्टाने पोलिशमधे लिहायचा, आणि तो म्हणाला की आजूबाजूच्या राष्ट्रांना कळू द्या, ‘पोलात्सी न्ये गेंशी’, पोलिश लोक म्हणजे काही हंस नाहीत, त्यांना स्वतःची भाषा आहे. कलकलाट करणारे पक्षी नाहीत आम्ही, असा सरळ अर्थ सगळे घेतात. पण काही अभ्यासक म्हणतात थांबा, ‘गेंशी’ हे ‘हंस’चं अनेकवचन आहे तसंच ‘हंसाची’ हे विशेषणही आहे. मग ओळ अशी लावता येते की पोलिश लोकांची भाषा हंसाची नव्हे, स्वतःची आहे. आणि हंसाची भाषा म्हणजे कोणती? तर लॅटिन! म्हणजे टोमणा एकदम फिरला, ‘आम्ही हंस नाही’ ऐवजी ‘तुमची ती लॅटिन म्हणजे हंसाची क्वाक क्वाक’.

हा वाद उभाच राहू शकतो तो त्या सजीव-निर्जीव नियमामुळे. पोलिशमधे भाषेला ‘येंझिक’ म्हणतात, पुल्लिंगी, पण निर्जीव. निर्जीव म्हणून कर्म झालं तरी त्याचं आणि त्याच्या विशेषणाचं रूप बदलत नाही, ‘गेंशी’चं ‘गेंशी’च राहतं आणि अनेकवचनी हंसाशी गल्लत होते. ‘येंझिक’ जर सजीव मानला जात असता तर विशेषण झालं असतं ‘गेंशेगो’, तेच ते पायवाटेवरचं, आणि रेयला काय म्हणायचं होतं ते एका अक्षरात कळलं असतं.